वाचक विचारतात : थाळनेरच्या नातीने बांधलेल्या चाली

मागच्या अंकात जुन्या मराठी सिनेमातल्या गाण्यांबद्दल लिहिताना एका ओळीत मी म्हटलं होतं की 'आनंदघन' हे संगीतकार म्हणजे लता मंगेशकर, आणि त्यांचं आजोळ आपल्या धुळे जिल्ह्यातलं थाळनेर. त्या एका ओळीवर धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्हीकडून एवढे प्रश्न आले, पत्रं, व्हॉट्सअ‍ॅप, काहींनी तर व्हॉइस मेसेजच पाठवले, की यावेळचं सदर पूर्ण त्यालाच देतोय. गायिका म्हणून लताबाईंवर ढीगभर लिहून झालंय, ते इथे नको. इथे फक्त त्यांनी बांधलेल्या चाली, आणि त्या निमित्ताने चाल बांधणं म्हणजे काय ते.

प्रश्न : आमच्या मुलीने शाळेच्या गॅदरिंगला 'ऐरणीच्या देवा तुला' म्हटलं, छान झालं, पण निवेदनात संगीतकार म्हणून भलतंच नाव घेतलं गेलं. घरी आल्यावर सासरे म्हणाले आनंदघन, आमचे हे म्हणाले हृदयनाथ मंगेशकर, आणि मोबाइलवर बघितलं तर लता मंगेशकर. नक्की कोण?
— एक ताई, चाळीसगाव

उत्तर : ताई, सासरेबुवा बरोबर आणि मोबाइलवरचंही बरोबर. गाणं 1965 च्या 'साधी माणसं' मधलं, शब्द जगदीश खेबूडकरांचे, आवाज लताबाईंचा आणि चालही लताबाईंचीच, फक्त पडद्यावर संगीतकार म्हणून नाव आलं 'आनंदघन'. तुमच्या मिस्टरांचा गोंधळ होणं साहजिक आहे, घर एकच, आणि हृदयनाथ स्वतः एवढे मोठे संगीतकार आहेत की मंगेशकरांच्या घरातली अवघड किंवा वेगळी चाल म्हटली की लोक आपोआप त्यांचं नाव घेतात.

लताबाईंनी मोजक्याच मराठी सिनेमांना संगीत दिलं. सुरुवात 'राम राम पाव्हणं' पासून, त्याला त्यांचं स्वतःचं नाव होतं. मग साठच्या दशकात 'मोहित्यांची मंजुळा', 'मराठा तितुका मेळवावा', 'साधी माणसं' आणि 1969 ला 'तांबडी माती', हे सगळे आनंदघन या नावाने, आणि हे भालजी पेंढारकरांचे सिनेमे. भालजींना मंगेशकर मंडळी बाबा म्हणायची, नातं घरचं होतं. लताबाईंनी नंतर मुलाखतीत सांगितलेली हकीकत अशी की 'मोहित्यांची मंजुळा'च्या वेळी भालजींना हवा तो संगीतकार वेळेवर मिळेना, तेव्हा त्या म्हणाल्या मी करते, पण भालजींना काळजी ही की गाणी चालली नाहीत तर लताच्या नावाला उगाच बट्टा लागेल, म्हणून वेगळं नाव घ्यायचं ठरलं. आनंदघन हे नाव समर्थ रामदासांच्या काव्यातून घेतलेलं. टोपणनाव घेणं तेव्हा काही विशेष नव्हतं म्हणा, शांताबाई शेळक्यांनीसुद्धा डॉ. वसंत अवसरे या नावाने कितीतरी गाणी लिहिली.

मग 'साधी माणसं'ला राज्य सरकारचे पुरस्कार मिळाले, त्यात उत्कृष्ट संगीताचाही होता, आणि समारंभात आनंदघन यांचं नाव पुकारलं तर कोणी उठेचना. लताबाई समोरच बसलेल्या, गप्प. शेवटी स्टेजवरून सांगण्यात आलं की आनंदघन म्हणजे इथे बसलेल्या लता मंगेशकरच, त्यांनी वर यावं. मला या प्रसंगापेक्षाही एक जुनी गोष्ट जास्त लक्षात राहते. 1949 ला 'महल' मधलं त्यांचं गाणं देशभर गाजलं तेव्हा रेकॉर्डवर गायिकेचं नाव छापलं होतं 'कामिनी', म्हणजे सिनेमातल्या पात्राचं, कारण पार्श्वगायकाचं नाव छापायची पद्धतच नव्हती. रेडिओवाल्यांकडे लोकांनी विचारणा केल्या की ही गाते कोण, तेव्हा कुठे लता हे नाव लोकांपर्यंत गेलं. ज्या बाईचं नाव आधी दुसऱ्यांनी झाकलं तिने पंधरा वर्षांनी चाली बांधताना स्वतःच्या मर्जीने नाव झाकलं, आणि त्या चाली नावाशिवायच घराघरात गेल्या. म्हणजे त्या चालींना लता या नावाचा टेकू लागला नाही, आणि संगीतकाराची परीक्षा घ्यायची तर यापेक्षा चोख परीक्षा कुठली घेणार?

मुलीला सांगा, पुढच्या वेळी निवेदकाच्या हातात चिठ्ठी द्यायची, गीत जगदीश खेबूडकर, संगीत आनंदघन.

प्रश्न : थाळनेर आमच्यापासून जवळ. लहानपणापासून ऐकत आलो की लताबाईंचं आजोळ थाळनेरचं, नवी पोरं म्हणतात आप्पा काहीही सांगता. खरं असेल तर नीट छापा. आणि त्यांच्या गाण्यात आपला खान्देश आहे का हेही सांगा.
— एक आप्पा, शिरपूर

उत्तर : आप्पा, शंभर टक्के खरं. तापीकाठचं थाळनेर, शिरपूर तालुका, ज्याला एकेकाळी फारुकी सुलतानांची राजधानी म्हणून मान होता आणि ज्यांच्या कबरी तिथे अजून उभ्या आहेत, त्या गावातले शेठ हरिदास रामदास लाड हे मोठे जमीनदार आणि व्यापारी, मूळ गुजराती घर. त्यांची मुलगी नर्मदा मास्टर दीनानाथ मंगेशकरांना दिली होती, ती लवकर गेली, आणि मग तिचीच धाकटी बहीण शेवंती दीनानाथांच्या घरात आली. ह्याच शेवंती म्हणजे माई मंगेशकर, लता, मीना, आशा, उषा आणि हृदयनाथ या पाचही जणांची आई. म्हणजे घरातल्या पोरांपैकी एक दोन नाही, अख्खं मंगेशकर घराणंच खान्देशच्या लेकीचं. पोरांना हे वाचून दाखवा.

आता दुसरा भाग, गाण्यात खान्देश आहे का. लताबाईंनी थाळनेरच्या आजीकडून गुजराती लोकगीतं शिकली, पावागडचे गरबे शिकल्या. दीनानाथांकडून नाट्यसंगीत आणि रागदारीची तालीम मिळाली, पण बायकांचं गाणं, जे हार्मोनियम तबल्याशिवाय, काम करता करता, टाळीवर म्हणतात, ते आजोळचं. आपल्याकडे तर गुजरात सीमेला लागून असल्याने गरबा आणि गौराई एकाच अंगणात नांदतात, हे तुम्हाला मी काय सांगू.

पण कोणी म्हणालं की थाळनेरच्या आजीचं अमुक गाणं तमुक सिनेमात जसंच्या तसं आलं, तर मी ते मान्य करणार नाही. भालजींचे सिनेमे कोल्हापूरच्या मातीतले, बोली तिकडची, पात्रं तिकडची, आणि चालीही त्या पात्रांच्या तोंडी शोभतील अशाच बांधल्या गेल्या. मला आजोळ दिसतं ते वेगळ्या जागी. आनंदघनांच्या चाली बाईला काम करता करता म्हणता येतात. 'ऐरणीच्या देवा' घ्या, 'मोहित्यांची मंजुळा' मधलं 'बाई बाई मन मोराचा' घ्या, लता मंगेशकरांचा गळा तीन सप्तकात फिरणारा, तरी त्यांनी स्वतःसाठी चाल बांधताना ती अशी ठेवली की ज्यांनी गाणं शिकलेलं नाही त्याही गुणगुणू शकतील. स्वतःच्या गळ्याची कमाल दाखवायची संधी हातात असताना ती बाजूला ठेवायची, हे मला फार मोठं वाटतं.

आणि आप्पा, खान्देशचाच धागा पकडायचा तर धाकट्या भावाचा एक सिनेमा सांगतो, 1977 चा 'जैत रे जैत'. संगीत हृदयनाथांचं, आजोळ थाळनेर. नायिका स्मिता पाटील, वडील शिवाजीराव तुमच्याच शिरपूरचे. गाणी ना. धों. महानोरांची, गाव पळसखेडं, ते छत्रपती संभाजीनगरच्या (तेव्हाच्या औरंगाबादच्या) हद्दीत पण जळगावशी त्यांचं नातं जन्मभराचं. गोष्ट कोकणातल्या ठाकर आदिवासींची, पण बनवणाऱ्यांमध्ये अजिंठ्याच्या डोंगरापासून तापीपर्यंतचा मुलूख बसला होता. त्यातली गाणी नुसती मध्ये मध्ये येत नाहीत, सिनेमाची गोष्टच गाण्यांमधून पुढे सरकते, आणि हे काम पेलणारा संगीतकार तेव्हा आपल्याकडे हृदयनाथच.

प्रश्न : मी बरीच वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवलाय. आमच्या ग्रुपमध्ये एक जण ठामपणे म्हणतो की लताबाईंनी फक्त नाव दिलं असणार, खरं काम अरेंजरने किंवा भावाने केलं असणार, गायिका वेगळी आणि कंपोजर वेगळा. तुमचं मत?
— एक वादक, भुसावळ

उत्तर : भाऊ, तुम्ही वादक आहात म्हणून जरा सविस्तर लिहितो, कारण हे मत मी खूप ठिकाणी ऐकलंय आणि दरवेळी मला त्याचा त्रास होतो.

आधी काम कोणाचं काय असतं ते. दिग्दर्शक प्रसंग सांगतो, गीतकार शब्द देतो किंवा आधी चाल होते आणि गीतकार त्यावर शब्द बसवतो, पण दोन्हीकडे चाल म्हणजे मुखड्याचे आणि अंतऱ्याचे सूर, कुठला शब्द कुठल्या सुरावर पडणार, कुठे श्वास, कुठे ठेहराव, ताल कुठला, लय काय, हे संगीतकाराचं. मग अरेंजर येतो, तो ठरवतो की मुखड्याआधी बासरी घ्यायची का सतार, दोन अंतऱ्यांच्या मधला म्युझिक पीस कसा, व्हायोलिनला काय आणि ढोलकीला काय, आणि त्याचं नोटेशन वादकांना लिहून देतो. अरेंजर सगळ्यांनाच लागायचा, हिंदीतल्या मोठमोठ्या संगीतकारांकडे सुद्धा पगारी अरेंजर होते, तिथे कोणी म्हणत नाही की चाल त्यांची नव्हती. आणि तेव्हा आजच्यासारखं वेगवेगळ्या ट्रॅकवर तुकडे तुकडे रेकॉर्ड करून जोडायची सोय नव्हती, गायक आणि सगळे वादक एकाच वेळी वाजवणार, एकाचा सूर हलला की पहिल्यापासून, शिवाय मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकडीवर एका बाजूला साधारण सव्वातीन मिनिटं, त्यात सगळं बसवायचं. म्हणजे चाल आधी डोक्यात पूर्ण तयार असल्याशिवाय स्टुडिओत जाताच यायचं नाही.

आता बघा लताबाई या कामाला कुठून आल्या. पहिलं सिनेमाचं गाणं 1942 ला, वय तेरा. वडील त्याच वर्षी एप्रिलमध्ये गेले, घर चालवायचं म्हणून सिनेमात काम. मुंबईत आल्यावर अमान अली खाँ भेंडीबाजारवाल्यांकडे शास्त्रीय तालीम. आणि मग वीस वर्षं रोज खेमचंद प्रकाश, अनिल विश्वास, सज्जाद हुसेन, सी. रामचंद्र, मदनमोहन, नौशाद, शंकर जयकिशन अशा लोकांसमोर बसून चाली शिकायच्या, त्या कशा घडतात, कुठे बदलतात, कुठला सूर का काढून टाकला, हे समोर बघायचं. एवढ्या वेगवेगळ्या संगीतकारांच्या बैठकीत बसलेला माणूस त्या काळात दुसरा कोण होता? संगीतकार व्हायला यापेक्षा चांगली शाळा मला तरी माहीत नाही.

आणि नुसता अनुभव म्हणून नाही, चालीच ऐका ना. तुमच्या मित्राला चार गाणी एकामागोमाग लावून द्या. 'ऐरणीच्या देवा' मध्ये घणाचा ठोका हाच ताल आहे, पडद्यावर लोहार नवरा बायको, सूर्यकांत आणि जयश्री गडकर, भट्टीपाशी आहेत, आणि चालीची लय त्या हाताच्या लयीबरोबर जाते, गाणं घाई करत नाही आणि रेंगाळतही नाही, कारण तापलेलं लोखंड थांबत नाही. मग 'मराठा तितुका मेळवावा' मधलं 'शूर आम्ही सरदार आम्हाला', ते दिलं हृदयनाथांना, पहिल्या ओळीपासून छाती पुढे काढणारी चाल, एकदा ऐकून शाळेतली पोरं कोरसमध्ये म्हणतात. त्याच सिनेमात 'रेशमाच्या रेघांनी', ते आशाबाईंना, सगळी नजाकत आणि ठसका. आणि त्याच सिनेमात 'अखेरचा हा तुला दंडवत', गाव सोडून जाणाऱ्या बाईचं, ते स्वतः गायलं. 'साधी माणसं' मध्ये 'नको देवराया अंत आता पाहू', कान्होपात्रेचा अभंग, जो शतकानुशतकं लोकांच्या तोंडी आहे आणि ज्याला नवी चाल लावायची म्हणजे भीतीच वाटावी, तोही असा बांधला की आज बहुतेकांना तीच चाल मूळची वाटते.

यात कुठलं गाणं कोणाला द्यायचं ही निवड बघा भाऊ. लता मंगेशकर संगीतकार असताना लता मंगेशकर सगळी गाणी स्वतः गाऊ शकल्या असत्या, कोण अडवणार होतं. पण ठसक्याचं गाणं आशाचं, रांगड्या मावळ्याचं गाणं भावाचं, हे त्यांनी गायिका म्हणून नाही, संगीतकार म्हणून ठरवलं. आवाज ओळखून काम वाटणं ही कंपोजरचीच नजर.

आणि भावाने केलं असणार म्हणणाऱ्यांनी हृदयनाथांच्या चाली शेजारी ठेवून ऐकाव्यात. हृदयनाथांची चाल वळणाची, पुढचा सूर कुठे जाईल ते ओळखता येत नाही, म्हणायला बसलं की घाम फुटतो. आनंदघनांची चाल सरळ, मोकळी. दोघांचा हात वेगळा आहे, आणि तुमच्यासारख्या कान तयार असलेल्या माणसाला तो दोन गाण्यांत कळेल.

मला जे टोचतं ते असं की बाई गायली तर देवाची देणगी आणि बाईने चाल बांधली तर मदत कोणी केली हो, हा प्रश्न आपल्याकडे फार पटकन येतो. बॉम्बे टॉकीजला सरस्वतीदेवी होत्या, पारशी घरातल्या, मूळ नाव खुर्शीद, 1936 च्या 'अछूत कन्या'चं संगीत त्यांचं. उषा खन्नांनी 1959 ला 'दिल देके देखो' केला आणि पुढे अनेक वर्षं काम करत राहिल्या. त्यांनाही हे ऐकावं लागलं असेलच. गायक असलेल्या पुरुष संगीतकारांना मात्र कोणी विचारत नाही, सी. रामचंद्र स्वतः चितळकर नावाने गायचे, सुधीर फडके गायचे, तिथे कधी शंका आली का तुमच्या मित्राला?

प्रश्न : लताबाईंनी हिंदी सिनेमाला संगीत का नाही दिलं? आणि 'तांबडी माती'नंतर का थांबल्या?
— एक कॉलेज विद्यार्थिनी, नंदुरबार

उत्तर : बेटा, वेळ हे एक सरळ कारण. चाल बांधणं म्हणजे दिग्दर्शकासोबत बैठका, गीतकारासोबत बैठका, रिहर्सल, मग पार्श्वसंगीतही बघायचं, आणि इकडे दिवसाला एकापेक्षा जास्त गाण्यांची रेकॉर्डिंग. शिवाय हिंदीतल्या बहुतेक सगळ्या संगीतकारांसाठी त्या गात होत्या, त्यांच्याच रांगेत संगीतकार म्हणून उभं राहणं मला वाटतं त्यांना नको वाटलं असेल, हा माझा अंदाज. सिनेमा निर्मिती मात्र केली, 'लेकिन' ची, आणि त्याचं संगीत दिलं हृदयनाथांना, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. थोडंच काम केलं म्हणून कमी लेखू नको, पाच सिनेमांतली एवढी गाणी साठ वर्षांनंतर लोकांच्या तोंडी असणं हे भल्याभल्यांना जमलेलं नाही.

प्रश्न : बहिणाबाईंच्या गाण्यांना चाल कोणाची? त्या तर स्वतः गायच्या ना, मग खऱ्या संगीतकार त्याच का नाही?
— एक निवृत्त शिक्षिका, जळगाव

उत्तर : बाई, प्रश्न फार आवडला. बहिणाबाई 1880 ला आसोद्याला जन्मल्या आणि 1951 ला गेल्या, लिहिता वाचता येत नव्हतं, घरोट्यावर म्हणजे जात्यावर, शेतात, चुलीपाशी गाणं जुळायचं, आणि जुळायचं ते चालीतच, आधी शब्द मग चाल असं नव्हतं. त्यांचा मुलगा सोपानदेव याने आणि घरातल्यांनी जमेल तसं उतरवून घेतलं, 1952 ला आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. कागदावर शब्द आले, पण बहिणाबाईंचा गळा काही कागदावर येऊ शकला नाही. कोणी टेप केलं असतं तर आज त्या चालीही आपल्याकडे असत्या.

मग 1961 ला अनंत माने यांच्या 'मानिनी' सिनेमात ती गाणी घेतली, संगीत वसंत पवारांचं, तेच 'सांगत्ये ऐका' वाले, स्वतः उत्तम सतारवादक. त्यांच्यासमोर काम अवघड होतं कारण ओवीच्या अंगाचे शब्द, लांबी ठरलेली, लेवा बोलीचे उच्चार, आणि सिनेमाला हवं गोड गाणं. त्यांनी शब्दांच्या अंगाअंगाने चाल नेली, शब्द ओढून ताणून सुरात कोंबले नाहीत, म्हणून 'अरे संसार संसार' आजही ऐकताना शब्द आधी कळतात. सिनेमाच्या गाण्याची चाल वसंत पवारांची हे सांगायलाच हवं. आणि घरोट्यावरची मूळ चाल बहिणाबाईंची हेही तितकंच खरं, तुमच्या म्हणण्याशी मी पूर्ण सहमत आहे.

माझी तुम्हाला एक विनंती. तुमच्या ओळखीत ऐंशीच्या पुढच्या ज्या आज्या असतील, ज्यांनी आसोदा, भादली, यावल, फैजपूर भागात जात्यावरची गाणी ऐकलीत किंवा म्हटलीत, त्यांना मोबाइलसमोर बसवा. नुसते शब्द लिहून घेऊ नका, म्हणायला लावा.

प्रश्न : मी एकवीस वर्षांचा, अहिराणी गाणी बनवतो, मोबाइलवरच बीट करतो आणि चाल लावतो. एका चॅनेलने माझं गाणं घेतलं, थोडे पैसे दिले, गाणं जोरात चाललं पण माझं नावच नाही. मला सिनेमाचा संगीतकार व्हायचंय. काय करू?
— एक तरुण, अमळनेर

उत्तर : भाऊ, तुझा मेसेज वाचून वाईट वाटलं आणि बरंही वाटलं, वाईट नावाचं, बरं याचं की एकवीसाव्या वर्षी तुझी चाल लोकांच्या लग्नात वाजतेय.

आधी हक्काचं बोलू कारण ते कोणी सांगत नाही. एका गाण्यात कायद्याने तीन वेगळ्या गोष्टी असतात, शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग. रेकॉर्डिंग ज्याने पैसे घालून केलं त्याचं, पण चाल बांधणारा तू, ती तुझी, आणि ती बांधली त्या क्षणापासून तुझी, रजिस्ट्रेशन केलंच पाहिजे असं नाही, केलं तर पुरावा म्हणून उपयोगी पडतं. 2012 ला कॉपीराइट कायद्यात बदल झाला, तेव्हापासून सिनेमासाठी केलेलं गाणं टॉकीजमध्ये सिनेमासोबत दाखवणं सोडून बाकी कुठेही वापरलं तर गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीत वाटा आहे, आणि हा वाटा लिहून घेऊन कोणाला काढून घेता येत नाही. सिनेमाबाहेरच्या गाण्यालाही तसंच संरक्षण आहे. ही रॉयल्टी गोळा करायला आयपीआरएस म्हणून संस्था आहे, 1969 पासूनची, तिचा मेंबर हो. लताबाई आणि रफीसाहेब साठच्या दशकात काही वर्षं एकत्र गायले नाहीत ते ह्याच रॉयल्टीच्या मुद्द्यावरून, लताबाईंचं म्हणणं होतं की गायकालाही वाटा मिळाला पाहिजे. एवढ्या मोठ्या माणसांना जे भांडून मागावं लागलं ते तुला निदान चाल बांधणारा म्हणून कायद्यानेच मिळालंय, सोडू नको.

पुढच्या वेळी गाणं देताना एक साधा कागद कर, मानधन किती, नाव कुठे येणार, म्हणजे टायटलमध्ये का डिस्क्रिप्शनमध्ये, आणि गाणं दुसरीकडे वापरलं तर काय. चाल सुचली की आधी मोबाइलवर कच्ची रेकॉर्ड करून स्वतःलाच ईमेल कर, तारीख राहते. जे गाणं गेलंय त्याच्याबद्दल चॅनेलला लेखी मेसेज टाक की संगीतकार म्हणून नाव घाला, शांतपणे, बऱ्याचदा तेवढ्याने होतं. नाही झालं तर वकिलाला कागद दाखव.

आता कामाचं. बीट तुला येतं, ते सोडू नको, पण हार्मोनियमवर बस. सारेगम येऊ दे, चार राग तरी गुरूकडे बसून शीक, कारण सिनेमात एका प्रसंगाला रडायचं, दुसऱ्याला भांडायचं, तिसऱ्याला काहीच बोलायचं नाही, आणि एकच ठेका सगळीकडे चालत नाही. आत्ता तुझी गाणी, तू पाठवलेल्या लिंकवरची, ऐकली मी, ठेका मस्त आहे पण तिन्हीचा मुखडा जवळपास सारखाच आहे, हे स्पष्ट सांगतो.

आणि तुझ्या घरातच खजिना आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पोरी झोक्यावर म्हणतात ते 'आथानी कैरी तथानी कैरी, कैरी झोका खाय वं', त्यात झोक्याची ये-जा चालीतच आहे, ओळीचा वजनदार शब्द कुठे पडतो ते नीट ऐक. कानबाईच्या रात्रीची गाणी, गुलाबाईची गाणी, वही गायनाच्या मंडळींची डफावरची उठावण, सातपुड्यातल्या पावरा आदिवासींचं पावरी हे फुंकून वाजवायचं वाद्य आणि ढोल, हे सगळं तुझ्या मोटरसायकलच्या अंतरावर आहे. पारंपरिक चाल कोणा एकाची नसते, ती वापरायला मोकळी आहे, तिच्यावर तू जे नवीन बांधशील ते तुझं. बहिणाबाईंच्या 1952 च्या पुस्तकातल्या कवितांनाही आता कॉपीराइटची मुदत संपलेली आहे, साठ वर्षं होऊन गेली, त्यातली एखादी फारशी कोणी न गायलेली घे आणि स्वतःची चाल बांधून बघ, सिनेमातली जुनी चाल मात्र घेऊ नको. आनंदघनांच्या चालींना तर हात लावूच नको, चालीचं संरक्षण रचनाकार गेल्यानंतर साठ वर्षं असतं, लताबाई 2022 ला गेल्या, म्हणजे 2082 संपेपर्यंत.

त्या ऐक मात्र रोज. एक गाणं घे, आधी नुसते शब्द वाच, स्वतः चाल लावून बघ, आणि मग त्यांची ऐक. त्यांनी कुठला शब्द खाली ठेवला आणि कुठला वर नेला ते वहीत लिही. महिनाभर केलंस तर तुझ्या मुखड्यात फरक पडेल.

नवीन गाणं झालं की लिंक पाठव, या सदरात तुझ्या नावासकट छापू. फक्त डिस्क्रिप्शनमध्ये शब्द कोणाचे, चाल कोणाची, ढोलकी कोणी वाजवली हे सगळं लिहिलेलं पाहिजे, आणि ओळी आजीकडून घेतल्या असतील तर आजीचं नाव आणि तिचं माहेरचं गाव पण.